गुत्तीकर मुरारराव घोरपडे

चेन्नईत आलेला नवा कॅडेट पहिल्या सुट्टीला शहर बघायला बाहेर पडतो, तेव्हा आयलंड ग्राउंडजवळचा सर टॉमस मन्रो यांचा घोड्यावरचा पुतळा त्याच्या नजरेतून सुटत नाही. घोड्यावर खोगीर नाही, रिकीब नाही. ते का नाही, याच्या गावात अनेक कथा सांगतात. मला मात्र मन्रोंकडे पाहिले की एक किल्ला आठवतो. मद्रासचे गव्हर्नर असलेले मन्रो १८२७ साली दौऱ्यावर असताना पत्तीकोंड्याला कॉलऱ्याने वारले. त्यांचे पहिले दफन झाले ते गुत्तीच्या डोंगराच्या पायथ्याशी. नंतर त्यांचे अवशेष इथल्या फोर्ट सेंट जॉर्जमधल्या सेंट मेरी चर्चमध्ये आणले गेले. त्या गुत्तीच्या डोंगरावर मन्रोंच्या पन्नास वर्षे आधी एक मराठा सरदार राज्य करत होता. दक्षिणेतला त्या काळचा सर्वांत नावाजलेला घोडदळ सेनानी तो. त्याचे नाव मुरारराव घोरपडे.

दीक्षान्त संचलनासाठी महाराष्ट्रातून येणारे आईवडील याच किल्ल्यावरून येतात. मुंबई–चेन्नई मार्गावर गुंतकल सुटले की थोड्या वेळाने गुत्ती येते आणि खडकाळ डोंगरांच्या माथ्यावर तटबंदीच्या रेषा दिसतात. बहुतेक डब्यांत तेव्हा चहा चाललेला असतो. पुढच्या वेळी जरा खिडकीशी बसा, म्हणून हा लेख. आणि कॅडेट मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी तो आणखी एका कारणाने लिहितो आहे. युद्धकौशल्यात ज्याला तोड नव्हती, त्या माणसाचा शेवट कैदेत का झाला, हा प्रश्न लष्करी इतिहास शिकवताना मला दरवर्षी पडतो.

घराणे आणि मुलूख

घोरपडे घराण्याची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांना जेरीस आणणारे सेनापती संताजी घोरपडे याच घराण्यातले. संताजींच्या मृत्यूनंतर घराण्याच्या शाखा दक्षिणेकडे पांगल्या आणि तुंगभद्रेच्या आसपास, आजच्या कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाच्या सीमेवर त्यांनी आपली ठाणी रोवली. संडूर हे त्यातले एक आणि गुत्ती हे दुसरे.

हा मुलूख नकाशावर एकदा नीट पाहा. उत्तरेला निजाम, दक्षिणेला म्हैसूर, पूर्वेला अर्काटचा नबाब आणि किनाऱ्यावर मद्रासला इंग्रज व पुदुच्चेरीला फ्रेंच. सातारा आणि पुणे दूर. छत्रपतींची किंवा पेशव्यांची फौज इथे यायची ती मोहिमेपुरती. पावसाळा आला की परत जायची. मागे राहणाऱ्याला स्वतःच्या बळावर राहावे लागे. मुराररावांचे पुढचे सगळे वागणे या भूगोलातून समजून घ्यावे लागते.

त्रिचनापल्ली

मुरारराव मोठ्या इतिहासात येतात ते १७४० च्या कर्नाटक मोहिमेनंतर. रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा अर्काटच्या मुलखात उतरल्या. मे १७४० मध्ये दामलचेरीच्या घाटात नबाब दोस्त अली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली, म्हणजे आजचे तिरुचिरापल्ली, मराठ्यांच्या हाती आले. नबाबाचा जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला आणि पुढची सात वर्षे तिथेच राहिला. जिंकलेल्या किल्ल्याची जबाबदारी मुराररावांकडे आली.

दोन वर्षांनी हैदराबादचा निजाम-उल-मुल्क प्रचंड फौजेनिशी कर्नाटकात उतरला. उत्तरेकडून मदत येण्याची आशा नव्हती. ऑगस्ट १७४३ मध्ये मुराररावांनी वाटाघाट करून त्रिचनापल्ली सोडली आणि फौज शाबूत ठेवून ते आपल्या मुलखात परतले. काही जण याला माघार म्हणतील. मी याला हिशेब म्हणतो. किल्ला गेला, पण घोडी आणि माणसे राहिली. ज्याचे सगळे बळ घोडदळात आहे, त्याच्यासाठी हा हिशेब बरोबर होता.

घोडदळाचे अर्थशास्त्र

इथे थोडे थांबून त्या काळचे घोडदळ कसे चाले ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय मुराररावांचे मोठेपण कळत नाही.

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची मिळकतच पडली. त्यामुळे बंदुकींच्या फैरींसमोर सरळ घोडे घालणे हा साधारण शिलेदाराचा स्वभाव नव्हता, आणि त्यात भित्रेपणाही नव्हता. शत्रूची रसद तोडणे, चारा जाळणे, मागे पडलेल्यांना गाठणे, छावणीभोवती फिरत राहून झोप उडवणे, ही त्याची खरी कामे.

मुराररावांची फौज या साधारण नियमात बसत नव्हती. ती मोठी नव्हती, पण निवडक होती. वर्षानुवर्षे ती युरोपीय पलटणींबरोबर कधी शेजारी उभी राहिली, कधी समोर, त्यामुळे तोफा आणि संगिनींची भीती तिला उरली नव्हती. मद्रासच्या इंग्रज कौन्सिलात बसलेला रॉबर्ट ऑर्म याने या युद्धांचा इतिहास लिहिला. तो मुराररावांचा मित्र नव्हता, तरीही हिंदुस्थानातल्या देशी फौजांत त्याने या फौजेला फार वरचे स्थान दिले. तिच्या निष्ठेचे एक कारणही त्याने नोंदवले आहे: लुटीतला जो वाटा ठरला असेल, तो मुरारराव आपल्या माणसांना कधी चुकवत नसत. आजच्या भाषेत सांगायचे तर पगार वेळेवर आणि वाटप सचोटीचे. घोडा मेला तर आपला धनी आपल्याला उघड्यावर टाकणार नाही, असा भरवसा असला की शिलेदारही फैरींसमोर घोडा घालतो.

पुदुच्चेरीच्या वाटेवर

याचा दाखला १७५० च्या एप्रिलमध्ये मिळाला. हैदराबादच्या गादीसाठी नासिर जंग आणि मुझफ्फर जंग यांच्यात झगडा चालू होता. मुझफ्फर जंगाच्या बाजूने फ्रेंच होते आणि मुरारराव नासिर जंगाच्या बाजूने. लढाईच्या तोंडावर फ्रेंच छावणीत तेरा अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. तक्रार पैशाची होती: आधीच्या मोहिमेचा मोबदला इतरांना मिळाला, आपल्याला नाही. अधिकारी गेले तसे शिपायांचे धैर्य गेले आणि फ्रेंच सेनापती दोत्यूल याला पुदुच्चेरीकडे माघार घ्यावी लागली.

माघार घेणाऱ्या पायदळाने पोकळ चौकोन रचला होता. चारही बाजूंना बंदुका, मधे सामान. घोडदळाविरुद्धचा हा त्या काळचा सर्वांत भरवशाचा व्यूह. मुराररावांनी त्या चौकोनाची एक बाजू फोडली आणि ते आत घुसले. आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्याबरोबर जेमतेम पंधरा स्वार आहेत, बाकीची फौज बाहेरच राहिली आहे. वळून परत येण्यासाठी वेळ नव्हता. त्यांनी घोडा तसाच समोरच्या बाजूवर घातला आणि ती फोडून ते पलीकडे निघाले. पंधरांतले नऊ स्वार पडले.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा डोळे चमकतात. मग मी राजीनामा दिलेल्या त्या तेरा अधिकाऱ्यांची आठवण करून देतो. त्या दिवशी चौकोन एका धाडसी स्वाराने फोडला हे खरे, पण तो आधी आतून सैल झालेला होता.

अर्काटचा वेढा

चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याने गेले की शंभरेक किलोमीटरवर अर्काट लागते. जुन्या तटबंदीतला दिल्ली दरवाजा अजून उभा आहे. १७५१ च्या ऑगस्टअखेर रॉबर्ट क्लाइव्ह दोनशे गोरे आणि तीनशे हिंदी शिपाई घेऊन मद्रासहून निघाला आणि त्याने अर्काटचा किल्ला लढाईशिवाय घेतला. हा पंचविशीतला अधिकारी मद्रासला आला होता तो कंपनीचा कारकून म्हणून. मग चंदासाहेबाचा मुलगा राजासाहेब याने त्याला वेढले. वेढा पन्नास दिवस चालला.

त्या पन्नास दिवसांत सुमारे सहा हजार मराठी स्वार घेऊन मुरारराव पश्चिमेच्या डोंगरांच्या पायथ्याशी बसून होते. म्हैसूरकरांनी त्यांना महंमद अलीच्या, म्हणजे पर्यायाने इंग्रजांच्या बाजूने नेमले होते. पण महंमद अलीची बाजू पडत चालली होती आणि पडत्या बाजूसाठी घोडी मारणे मुराररावांना पटत नव्हते. ते पाहत होते. क्लाइव्हच्या मूठभर माणसांनी फुटलेल्या तटामागे आठवड्यामागून आठवडे काढले, तेव्हा मुराररावांचे मत फिरले. हे लोक लढू शकतात, असे त्यांना पहिल्यांदा वाटले आणि त्यांनी मदतीला येत असल्याचा निरोप पाठवला. त्यांच्या आघाडीचे स्वार अर्काटच्या परिसरात दिसू लागल्यावर राजासाहेबाने घाईने निर्वाणीचा हल्ला केला. दरवाजे फोडण्यासाठी कपाळाला लोखंडी पत्रे बांधलेले हत्ती पुढे घातले होते. बंदुकीच्या माऱ्याने ते बिथरले आणि मागे वळून आपल्याच लोकांत घुसले. त्या रात्री वेढा उठला.

पुढच्या महिन्यात आरणीच्या लढाईत मुराररावांच्या पुतण्याने आणलेले काही शे मराठी स्वार क्लाइव्हबरोबर होते. शाळेच्या पुस्तकांत अर्काट म्हणजे क्लाइव्हच्या कीर्तीचा पाया असे असते. ते बरोबरच आहे. पण तो पाया पक्का व्हायला डोंगराच्या पायथ्याशी उभी असलेली मराठी घोडी कारणीभूत होती, हे त्याच वाक्यात लिहायला हवे.

बाजू बदलली

१७५२ च्या जूनमध्ये चंदासाहेब त्रिचनापल्लीजवळ मारला गेला आणि महंमद अलीची सरशी झाली. आता देणे चुकवायची वेळ होती. महंमद अलीने मदतीच्या बदल्यात म्हैसूरकरांना त्रिचनापल्ली देण्याचे कबूल केले होते. त्याने ते नाकारले. म्हैसूरकर चिडले आणि फ्रेंचांना जाऊन मिळाले. मुराररावही त्यांच्याबरोबर गेले. ज्या इंग्रजांना अर्काटला हात दिला, त्यांच्याच विरुद्ध आता ते उभे राहिले.

त्रिचनापल्लीभोवतीचे पुढचे दीड वर्ष म्हणजे रसदीचे युद्ध होते. किल्ला इंग्रजांकडे, पण धान्य यायचे ते तंजावर आणि तोंडैमानांच्या, म्हणजे पुदुक्कोट्टैच्या मुलखातून, बैलांच्या तांड्यांवर. मोकळ्या माळावर घोडदळ ज्याचे, त्याची सत्ता. इंग्रज सेनापती लॉरेन्स लढाया जिंकत होता आणि तरी पोटासाठी त्याला पुन्हा पुन्हा बाहेर पडावे लागत होते.

फेब्रुवारी १७५४ मध्ये असाच एक तांडा त्रिचनापल्लीकडे येत होता. संरक्षणाला इंग्रजांची ग्रेनेडियर तुकडी होती, त्यांच्या फौजेतली सर्वांत नावाजलेली. पण तुकडी एकत्र ठेवण्याऐवजी तांड्याच्या लांबीवर छोट्या छोट्या गटांत विखुरली होती. मुरारराव आणि त्यांचा विश्वासू सरदार युनुस खान यांनी पहाटे हल्ला केला. बैल उधळले, गट एकमेकांपासून तुटले आणि ती सगळी तुकडी मारली गेली किंवा पकडली गेली. त्या दिवशी म्हैसूरच्या बाजूने लढणाऱ्यांत हैदर नावाचा एक नाईकही होता. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच वर्षी तंजावरच्या घोडदळालाही मुराररावांनी धूळ चारली. मग पैसे घेऊन त्यांनी ही लढाई सोडली आणि ते गुत्तीला निघून गेले.

गुत्तीचा राजा

इथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो. आता ते दुसऱ्याच्या मोहिमेतले सरदार राहिले नव्हते; स्वतःच्या मुलखाचे धनी होते. गुत्तीचा किल्ला म्हणजे अनेक टेकड्यांवरची एकमेकींना जोडलेली तटबंदी. मुख्य डोंगर भोवतालच्या मैदानापासून सुमारे तीनशे मीटर उंच. कड्याच्या टोकाशी चुन्याने गुळगुळीत केलेला एक छोटा चौथरा आहे. मुरारराव तिथे बसून बुद्धिबळ खेळत आणि झोपाळ्यावर बसून मुलूख न्याहाळत, असे सांगतात. त्याच कड्यावरून कैद्यांचा कडेलोट होई, असेही सांगतात. मी तिथे गेलो तेव्हा खालची शेते, रेल्वेचा रूळ आणि गाव तळहातावर ठेवल्यासारखे दिसत होते. शत्रू एका दिवसाच्या वाटेवर असतानाच इथून कळावा.

पण मुलूख राखायला नुसती उंची पुरत नाही. १७५६ मध्ये सावनूरचा नबाब आणि मुरारराव एकत्र आले, तेव्हा नानासाहेब पेशवे निजामाची आणि बुसीच्या फ्रेंच तोफखान्याची मदत घेऊन सावनूरवर चालून आले. तोफांपुढे सावनूर टिकले नाही. मुराररावांनी पेशव्यांचे वर्चस्व मान्य केले आणि गुत्ती आपल्याकडे राखली.

दरम्यान तो हैदर नाईक म्हैसूरचा सर्वेसर्वा हैदर अली झाला होता. १७६२ च्या सुमारास त्याने मुराररावांकडून पेनुकोंडा आणि मडकशिरा घेतले. १७६४ मध्ये थोरले माधवराव कर्नाटकात उतरले, तेव्हा मुरारराव त्यांना मिळाले. माधवरावांनी त्यांना सेनापतिपद दिले. संताजींनंतर इतक्या वर्षांनी तो मान घोरपड्यांच्या घरी परत आला. माझ्या मते मुराररावांच्या आयुष्यातले हे सर्वांत सुखाचे वळण असावे. पण माधवराव १७७२ मध्ये अवघ्या सत्तावीस वर्षांच्या वयात गेले.

होसकोटची रात्र

१७६७ मध्ये इंग्रज आणि हैदर यांच्यात युद्ध पेटले. पुढच्या वर्षी मुरारराव इंग्रजांच्या बाजूने आले आणि बंगळुरूजवळ होसकोटला कर्नल स्मिथच्या छावणीशेजारी, पण थोडी वेगळी अशी त्यांची छावणी पडली. ऑगस्ट १७६८ च्या एका रात्री हैदरने त्या छावणीवर छापा घातला. आधी घोडदळ आत घुसवून गोंधळ माजवायचा आणि मागून पायदळाने काम उरकायचे, असा त्याचा बेत होता.

अंधारात घोडदळ छावणीत घुसले म्हणजे सगळेच घोड्यावर आणि शत्रू कोण, मित्र कोण हे कोणालाच कळत नाही. झोपेतून उठलेला स्वार सहज प्रवृत्तीने आधी घोड्यावर चढतो. मुराररावांनी नेमका उलटा हुकूम दिला. कोणीही घोड्यावर बसायचे नाही. प्रत्येकाने आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि जो कोणी घोड्यावर दिसेल तो शत्रू समजून तोडायचा. एका हुकुमाने अंधाराचा प्रश्न सुटला. त्यातच मुराररावांचा एक हत्ती जखमी होऊन सुटला. त्याने आपली साखळी सोंडेत धरली आणि ती डावी-उजवीकडे फिरवत तो हैदरच्या स्वारांत घुसला. ते स्वार मागच्या आपल्याच पायदळावर जाऊन आदळले आणि छापा फसला.

साधा हुकूम, सर्वांना समजेल असा, आणि तो पाळला जाईल असा विश्वास. घोडदळाच्या स्वाराला रात्री घोड्यावर चढू नको म्हणून सांगणे आणि त्याने ते ऐकणे, यात अनेक वर्षांची कमाई आहे. रात्रीच्या लढाईवर मी जे काही शिकवतो, त्यात यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

त्या युद्धाचा शेवट आपल्या अकादमीच्या अगदी शेजारी झाला. मार्च १७६९ च्या अखेरीस हैदर निवडक घोडदळ घेऊन अचानक सेंट थॉमस माउंटपाशी येऊन ठेपला आणि मद्रासच्या कौन्सिलला एप्रिलमध्ये त्याच्या मनासारखा तह करावा लागला. तहाच्या कलमात इंग्रजांच्या बाजूच्या मित्रांची नावे होती. तंजावरचे राजे, त्रावणकोरचे राजे आणि मुरारराव. कागदावर तरी गुत्तीला आता इंग्रजांची ओळख होती.

पाणी

सात वर्षांनी त्या कागदाची किंमत कळली. १७७५ मध्ये हैदरने बळ्ळारी घेतली आणि वर्षअखेरीस तो गुत्तीकडे वळला. त्याने वेळ अचूक निवडली होती. पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतर घर फुटले होते. रघुनाथराव इंग्रजांना मिळाले होते आणि कारभारी त्याच लढ्यात अडकले होते. पुरंदरचा तह झाला तो १ मार्च १७७६ ला, गुत्तीच्या वेढ्याच्या शेवटच्या दिवसांत. मद्रासला गव्हर्नर पिगट आणि त्याचे कौन्सिल यांच्यात तंजावरच्या प्रश्नावरून भांडण पेटत होते. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्याच माणसांनी त्याला कैद केले. गुत्तीला कोणीच आले नाही. पुण्याहून नाही, मद्रासहून नाही, हैदराबादहूनही नाही.

गाव आणि खालचा कोट पडला. लोक जनावरांसह वरच्या किल्ल्यात गेले. तिथे तट पक्का होता, दारूगोळा होता, पण पाण्याचा साठा एवढ्या तोंडांसाठी नव्हता. दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. शेवटी मुराररावांनी बोलणी सुरू केली. हैदरने खंडणी मागितली. काही रक्कम लगेच द्यायची आणि उरलेल्या रकमेसाठी ओलीस ठेवायचा, असे ठरले. ओलीस म्हणून गेला तो युनुस खानाचा तरुण मुलगा.

पुढची हकीकत म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सने दिली आहे. हैदरने त्या मुलाचा मोठा सन्मान केला, त्याला जेवायला बसवले, त्याच्या बापाच्या आणि किल्ल्यातल्या लोकांच्या शौर्याची तारीफ केली. मुलगा खुलला. आपल्या लोकांची बाजू मांडण्याच्या भरात त्याने सांगून टाकले, की पाणी संपत आले नसते तर आम्ही तह केलाच नसता. आता किल्ल्यात तीन दिवसांचेच पाणी आहे. हैदरने जेवण संपू दिले. मग आलेल्या ऐवजात खोट काढून त्याने तह मोडला, मुलाला परत पाठवले आणि वेढा पुन्हा आवळला. बाकीचे काम तहानेने केले. मार्च १७७६ च्या मध्यास गुत्ती पडली.

तो मुलगा फितूर नव्हता. भित्राही नव्हता. तो अभिमानाने बोलला. माझ्या वर्गात बसणाऱ्या तुमच्यापैकी कोणाच्याही वयाचा असावा. बापाने दोन दशकांहून अधिक काळ ज्या धन्याच्या पायाशी तलवार वाहिली, त्या धन्याचा किल्ला मुलाच्या एका वाक्याने गेला. शत्रू तुमच्याकडून गुपित काढतो ते दर वेळी छळ करून नव्हे. पुष्कळदा तो तुमची स्तुती करतो आणि तुम्हाला स्वतःच्या लोकांबद्दल बोलायला लावतो. तुमच्या हातात आज फोन आहे. ते जेवणाचे ताट आता रोज रात्री मांडलेले असते.

मुराररावांना आधी श्रीरंगपट्टणला आणि मग कब्बलदुर्गला नेले. तो डोंगरी तुरुंग असा होता की तिथले हवापाणी कैद्याला फार दिवस जगू देत नसे. पोकळ चौकोनातून आरपार घोडा काढणारा हा सेनानी थोड्याच काळात तिथे वारला.

हिशेब

मुराररावांना इंग्रज लेखकांनी भाडोत्री म्हटले आणि आपल्याकडच्या काहींनी ते तसेच उचलले. मला ते अर्धवट वाटते. त्या शतकात दक्षिणेत बाजू न बदललेला सत्ताधीश शोधावा लागेल. महंमद अलीने शब्द मोडला, निजामाने मोडला, फ्रेंच आणि इंग्रज कंपन्यांनी सोयीने पाळला आणि सोयीने मोडला. चारही बाजूंनी बलाढ्य शेजारी असलेल्या छोट्या सरदाराने टिकून राहण्यासाठी जे करायचे, ते मुराररावांनी इतरांपेक्षा अधिक कौशल्याने आणि जवळजवळ चाळीस वर्षे केले.

पण हिशेब दोन रकान्यांत मांडावा लागतो. एका रकान्यात त्यांची स्वतःची माणसे. त्यांना दिलेला शब्द मुराररावांनी पाळला आणि त्याचे व्याज होसकोटच्या रात्री मिळाले. युनुस खानासारखा सरदार शेवटपर्यंत बरोबर राहिला तो त्याच हिशेबात. दुसऱ्या रकान्यात बाहेरचे मित्र. तिथे त्यांनी प्रत्येकाला उपयोगी पडून दाखवले आणि कोणाचेच होऊन दाखवले नाही. माधवरावांच्या काळात ते बदलू लागले होते. पण माधवराव राहिले नाहीत आणि उशीर झाला होता. १७७६ मध्ये मदतीला धावून येणे हे ज्याला स्वतःचे कर्तव्य वाटावे, असा कोणी उरला नव्हता. उपयोगापुरत्या मैत्रीत वाईट दिवसात कोणी येत नाही. त्या दिवशी कोण येईल, हे आधीच्या वीस वर्षांत ठरलेले असते.

घोरपडे घराणे गुत्तीबरोबर संपले नाही. संडूरचे छोटे संस्थान त्यांच्याकडे पुढे चालू राहिले; इंग्रजी अमलात त्याचा कारभार मद्रासशी जोडलेला होता आणि १९४९ मध्ये ते भारतात विलीन झाले.

तुम्ही कॅडेट मुराररावांपेक्षा भाग्यवान आहात. तुमची बाजू कोणती हा प्रश्न तुम्हाला रोज सोडवायचा नाही. संचलनाच्या मैदानावर शपथ घेता तेव्हा तो एकदाच आणि कायमचा सुटतो. राहिलेल्या तीन गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत: आपल्या माणसांना दिलेला शब्द पाळणे, पाण्याचा साठा रोज मोजणे आणि पाहुणचाराच्या ताटावर तोंड आवरणे. गुत्तीला जायला मिळाले तर कड्यावरच्या त्या चौथऱ्यापर्यंत चढून जा. पाण्याची बाटली भरून न्या.